मामांच्या मापाची खुर्ची

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
ज्येष्ठ वद्य ५, शके १८६२

तीर्थरूप गुरुपादप्पा मामांच्या चरणी शिवकांताचे शरणार्थ.

इकडे सर्व ठीक. तुमची, लक्ष्मम्मा मामींची आणि वखारीची खुशाली कळावी.

ही कोण शिवकांता म्हणून कपाळाला आठ्या पडल्या असतील, तर सांगते. मी तुमच्या धाकट्या बहिणीची, दानम्माची, म्हणजे आमच्या अव्वाची लेक. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मी आठ वर्षांची होते, वरचे दोन दात पडले होते आणि तुम्ही मला ‘खिडकी’ म्हणत होता. आता अठराची आहे. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन उदगीरला गेले. अक्षय तृतीयेला माहेरपणाला आले, ती नागपंचमीपर्यंत इथेच आहे. सासूबाईंची सगळी पत्रं मीच लिहिते, त्यामुळे हात बसला आहे. तुमचा पत्ता अव्वाच्या ट्रंकेतल्या एका जुन्या पाकिटावरून घेतला. अप्पांना या पत्राची खबर नाही. ते दोन दिवस रेणापूरला गेले आहेत.

पत्रास कारण, एक शंका. नांदेडात तुमची लाकडाची वखार आहे, आणि किनवटचं सागवान तुम्ही नुसतं बोटाने वाजवून ओळखता असं अव्वा सांगते. तर मला सांगा, सागवानाची खुर्ची दहा वर्षांत आपोआप आखडते का? आणि आखडलीच, तर चारही पायांनी वेगवेगळी आखडते का?

कोणती खुर्ची हे कळून पत्र खाली ठेवाल अशी भीती आहे. ठेवू नका, मामा. तुम्हाला माहीत असलेलंच थोडं सांगते, कारण ते मला कसं दिसलं हे तुम्हाला माहीत नाही.

त्या वर्षी मठाचे स्वामी आमच्या घरी पाद्यपूजेला येणार होते. गंजातला गुळाचा अडत्या रेवणप्पा म्हणजे माझे अप्पा, आणि त्यांच्या दारी स्वामींचे पाय लागणार, म्हणजे घरात दोन महिने दुसरा विषय नव्हता. स्वामींना बसायला साजेशी खुर्ची हवी म्हणून तुम्ही वखारीतलं निवडक सागवान काढून, स्वतः सुतारापुढे बसून ती करवून घेतलीत आणि पंधरा दिवस आधी बैलगाडीने पाठवलीत. हातांवर मोर होते. अव्वा येणाऱ्या-जाणाऱ्याला मोर दाखवायची. पूजेच्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा खुर्ची लाल शालीने जमिनीपर्यंत झाकलेली होती आणि स्वामी तिच्यावर बसलेले होते. परातीत पाय, पायांवर पाणी, शंभर माणसं बसलेली. मधेच खुर्ची कलली आणि स्वामी एका अंगाला घसरून खाली आले. त्यांना फार लागलं नाही. कोपर खरचटलं. उठून हसले आणि म्हणाले, “आमची बैठक जमिनीवरचीच.” पण अप्पांना ते हसू सोसलं नाही. शंभर माणसांत तुमच्याकडे बोट करून ओरडले, “मेव्हण्यानं कच्चं लाकूड गळ्यात मारलं!”

तुम्ही म्हणालात, “माझं लाकूड हलत न्हाई, रेवणप्पा. खुर्ची दाव मला.” अप्पांनी ती दाखवली नाही. दोघा गड्यांकडून मागच्या खोलीत टाकली आणि कडी लावली. तुम्ही पंगतीतून न जेवता उठलात. तुमच्या पाठीमागे अव्वा दारापर्यंत पळत गेली होती, हे तुम्ही पाहिलंत का? तुम्ही वळला नाहीत.

त्यानंतर तुमची दोन पत्रं आली, ती अप्पांनी न फोडता परत केली. माझ्या लग्नात मामाच्या जागी शेजारचे माणिकप्पा काका उभे राहिले. उदगीरला सासूबाईंनी विचारलं, “तुजा मामा लग्नात काऊन नव्हता गं?” मी म्हटलं, “खुर्चीमुळं.” त्या अजून मला थोडी खुळी समजतात.

खुर्ची मात्र घरातच आहे. धड बसायला नाही, धड फेकायला नाही. मला पाहायला उदगीरची मंडळी आली तेव्हा घरात दुसरी खुर्ची नाही म्हणून ती बाहेर काढली. अप्पांनी स्वतः वाकून पायाखाली नारळाची करवंटी सरकवली. सासरे बसले आणि बोलणी होईपर्यंत टक्-टक्, टक्-टक्. दुधाचा पेला धोतरावर सांडला. पुन्हा ती आत गेली. मग अव्वा तिच्यावर वाकळा रचू लागली. एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे दर उन्हाळ्यात तिच्या मागच्या डाव्या पायाला मुंग्या लागतात. त्याच एका पायाला. बाकी तिघांकडे ढुंकूनही बघत नाहीत.

चौकशा करायची माझी खोड तुम्हाला आठवत असेल. अप्पा रेणापूरला गेले आणि मी तहकीकात सुरू केली. अव्वाकडून किल्ली घेतली, वाकळा उतरवल्या, खुर्ची ओढत अंगणातल्या शहाबादी फरशीवर आणली आणि सुतळीने पाय मोजले. चार पाय, चार मापं. पुढचा उजवा सर्वांत लांब, मागचा डावा सर्वांत आखूड, दोघांत पाऊण बोटाचा फरक. मग गल्लीतल्या उद्धव सुताराला, आम्हा पोरांच्या उद्धवमामाला, बोलावलं. म्हातारा झाला आहे, पण नजर शाबूत आहे. त्याने खुर्ची उलटी केली, पायांच्या तळावरून अंगठा फिरवला आणि मलाच विचारलं,

“हे कुणाचं काम हाय?”

“नांदेडच्या सुताराचं.”

“वरचं हाय. खालचं न्हाई. बघ की, करवत हिकडून आली, तिकडून आली, मधी भेटलीच न्हाई. सुताराचा हात न्हाई हा. हा तराजू धरणाऱ्याचा हात हाय.” मग म्हणाला, “वखारीचा माल असंल तर तळाला शिक्का असतोय. हितं कुठं हाय शिक्का?”

शिक्का नाही, मामा. म्हणजे पाय कोणीतरी कापले. तुमच्या खुर्चीला तुमच्या घरून काही झालेलं नाही.

इतकं कळल्यावर मला जो आनंद झाला तो काय सांगू! पण कोणी कापले आणि कशाला? ते कळलं की पत्र टाकीन. आज इथेच थांबते.

ज्येष्ठ वद्य ७

पत्र टाकलं नाही हे बरंच झालं.

काल अप्पा परत आले. अंगणात उलटी खुर्ची पाहिली आणि तसेच पाय धुवायला गेले. मी जेवताना विषय काढला. अव्वा वाढत होती. मी म्हटलं, “अप्पा, खुर्चीचे पाय कुणीतरी कापलेत. उद्धवमामा म्हणतो, सुतारानं न्हाई.”

अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला. “उद्धव्याला काय कळतंय?” म्हणाले आणि उठले. पानावर अन्न टाकून उठलेले अप्पा मी जन्मात पाहिले नव्हते.

अव्वाने पान उचललं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, “अण्णाचं लाकूड हलत न्हाई.” तिच्या मनातली शंका आजची नव्हती, हे मला त्या वेळी कळलं.

आज सकाळी उद्धवमामा हत्यारं घेऊन आला. आखूड पायांना नवीन लाकडाचे जोड लावू म्हणाला, पण जुन्या सागवानाला नवीन लाकूड उठून दिसेल आणि टिकणारही नाही, म्हणून डोकं खाजवत बसला होता. तेवढ्यात अप्पा दुकानातून भरदिवसा घरी आले. हातात धोतराच्या फाळक्यात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी ते फरशीवर ठेवलं, गाठ सोडली आणि मागे सरून उभे राहिले.

आत चार लाकडी तुकडे होते. कोणता चार बोटं, कोणता पाच. एकाच्या बुडाला तुमच्या वखारीचा शिक्का, अजून स्पष्ट.

दहा वर्षं ते दुकानात गादीमागच्या कोनाड्यात होते. मी विचारलं, “फेकले का न्हाई?” अप्पा म्हणाले, “असलं सागवान फेकवतंय व्हय? आन् शिक्का होता त्याच्यावर. चुलीतबी घालवंना.”

मग त्यांनी सांगितलं. ते उद्धवमामाकडे बघून सांगत होते, माझ्याकडे नाही, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या अव्वाकडे तर नाहीच. तुम्ही खुर्ची करवून घेतलीत ती स्वतः बसून, तुमच्या मापाने. तुम्ही ताडमाड. स्वामी ठेंगणे. पूजेच्या आदल्या दुपारी अप्पांच्या ध्यानात आलं की स्वामी बसले तर पाय परातीत टेकणार नाहीत, लोंबकळतील. शंभर माणसांपुढे गुरूचे पाय लोंबकळणार! सुतार बोलवावा तर गल्लीत बभ्रा होणार, आणि तुम्हाला कळलं तर तुम्ही दुखावणार. म्हणून मागच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सरपणाच्या करवतीने पाय स्वतःच कापले. एक कापला तर दुसरा मोठा वाटे, दुसरा कापला तर तिसरा. शेवटी घामाघूम होऊन हात टेकले आणि वरून शाल टाकली.

“मेव्हण्याला वाईट वाटू नये म्हणून केलं,” अप्पा म्हणाले, “आन् भर पंगतीत त्याचंच नाव घेतलं.”

दारातून अव्वा आत निघून गेली.

मामा, ही हकिकत इथे संपवून पत्र टाकलं तर माझं काही बिघडणार नाही. तुमची शंका फिटेल, अप्पांचा दोष कळेल, आणि मी शोध लावणारी हुशार भाची ठरेन. पण एक गोष्ट राहिली आहे. ती आज लिहवत नाही.

ज्येष्ठ वद्य १२

पाच दिवस लेखणी हातात घेतली नाही. आज सांगूनच टाकते.

मुंग्या त्या पायाला का लागतात, हे मला पहिल्यापासून माहीत होतं.

पूजेच्या दिवशी मला नवं परकर-पोलकं होतं आणि फुलांची टोपली धरून खुर्चीजवळ उभं राहायचं काम होतं. स्वामी यायच्या आधी मी शालीखाली डोकावून पाहिलं. काही झाकलेलं दिसलं की आत काय आहे हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. खुर्चीला हात लावला तर ती डुलली. एक पाय अधांतरी होता. माझ्या ओच्यात गुळाचा खडा होता. दुकानात ढेपेची वानगी म्हणून फोडतात, तसला जुना, दगडासारखा. तो मी पायाखाली बसवला. बरोब्बर बसला, मामा! खुर्ची इतकी घट्ट झाली की मला वाटलं आपल्याइतकं शहाणं घरात कोणी नाही. संध्याकाळी अप्पांना सांगायचं आणि शाबासकी घ्यायची, असं मी ठरवलं होतं.

मग पूजा सुरू झाली. अकरा तांबे पाणी. परात भरली, पाणी फरशीवर आलं, मागच्या पायापर्यंत गेलं. गूळ पाण्यात किती वेळ टिकणार? गुळाच्या अडत्याची लेक, आणि एवढंही सुचलं नाही.

स्वामी पडले तेव्हा मला कळलं. अप्पा तुमच्यावर ओरडले तेव्हाही कळलं. तुम्ही चप्पल घालताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, “येतो गं खिडकी.” मी तोंड उघडलं असतं तर तुम्ही थांबला असता. मी तोंड उघडलं नाही.

तेव्हापासून मी गूळ खात नाही. गुळाच्या घरात माझ्यापुरता सगळा साखरेचा कारभार. अव्वाला वाटतं लेकीने कसलातरी नेम धरला आहे. उदगीरला वाटतं थेर. मी माहेरपणाला चार-चार महिने येते, गादीवर लोळते, अव्वाच्या हातचं खाते, आणि जिच्याकडे येते तिला माझ्यामुळे दहा वर्षं माहेर नाही. पंचमीला गल्लीतल्या सगळ्याजणींना न्यायला माहेरचे मुराळी येतात. अव्वा त्या दिवशी दार लोटून जात्यावर बसते. दळायला काही नसलं तरी बसते.

अप्पांनी तुकडे आणले त्याच दुपारी मी त्यांच्यापुढे जाऊन हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “ठाव हाय.”

“कवापासून?”

“त्याच दिवशी. फरशी मीच पुसली की. हाताला चिकटलं. घरात ओच्यात गूळ घेऊन फिरणारी एकच पोर होती.” मग म्हणाले, “पोरीनं स्वामींस्नी पाडलं असं गावानं जन्मभर म्हटलं असतं. तुजं नाव तोंडावर आलं होतं, ते गिळलं. मेव्हण्याचं घेतलं. तुजं झाकलं आन् त्याच्याआड माजंबी झाकलं. खोटं कशाला बोलू?”

मला रडू आलं ते भीतीने नाही. दहा वर्षं एका घरात आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो आणि तिची झळ तिसरीलाच बसत होती, याने आलं.

अव्वाला मीच सांगितलं. ती चार दिवस आमच्या दोघांशी बोलली नाही. अप्पा आपलं पाणी आपण घेऊन प्याले. पाचव्या दिवशी, म्हणजे काल, तिने गुळाचा सांजा केला, माझ्यासाठी वेगळा केला नाही, ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, “खा आता. लई झालं.” मी खाल्ला. गोड होता. अजून काय सांगू.

आणि खुर्ची! ती तर सांगायचीच राहिली. मामा, तुम्ही लाकडातले, तुम्हाला याचं सुख कळेल. उद्धवमामाने कोणता तुकडा कोणत्या पायाचा हे लाकडाच्या रेषा जुळवून शोधलं. त्याला आणि मला अर्धा दिवस लागला. मुंग्यांच्या पायाचा तुकडा सगळ्यांत आधी सापडला, शिक्का त्याच्यावरच आहे. पायात आणि तुकड्यात भोक पाडून आत बाभळीची खुंटी ठोकली, सरस लावला, सुतळीने आवळून दोन दिवस ठेवलं. मग काल फरशीवर ओला गेरू सारवून खुर्ची वर ठेवली. ज्या पायाला गेरू लागला तो किंचित घासायचा, पुन्हा ठेवायची. पहिल्यांदा दोन पाय लाल, मग तीन. मी फरशीला गाल लावून बघत होते, अव्वाने “काय येड्यावानी करून राहिलीस?” म्हणून विचारलं. सातव्या वेळी चारही पाय लाल! उद्धवमामाने काठोकाठ भरलेला तांब्या बैठकीवर ठेवला आणि खुर्चीच्या पाठीला थाप मारली. थेंब सांडला नाही. मी तीनदा थाप मारून पाहिली. अप्पांनीही इकडेतिकडे बघून एकदा मारली.

काल संध्याकाळी अप्पा माणिकप्पा काकांच्या दुकानावर गेले आणि गंजातल्या लोकांत म्हणाले, “गुरुपादप्पाचं लाकूड पक्कं होतं. पाय मी कापले होते.” अपमान चारचौघांत केला होता, कबुलीही चारचौघांतच दिली. माझ्या गुळाचं मात्र तिथेही बोलले नाहीत. ते तुम्हाला मी सांगते आहे. राग आला तर येऊ द्या, पण आता तो योग्य पत्त्यावर येऊ द्या. अव्वाचा पत्ता त्याच्यावर घालू नका.

हे पत्र अप्पांना वाचून दाखवलं. खाली चार ओळी तुम्ही लिहा म्हटलं, तर म्हणाले, “काय तोंडानं लिहू? तूच लिही. पंचमीच्या आदी आठ दिस मी मोटारीच्या अड्ड्यावर जाऊन उभा ऱ्हातो. नांदेडची मोटार रोज बघतो. उतरला तर हाताला धरून आणतो. न्हाई उतरला तर माजं नशीब.” ते खरंच उभे राहतील, मामा. अड्ड्यावर सावलीही नाही.

आज सकाळी खुर्ची सोप्यात मांडली. अप्पा अव्वाला म्हणाले, “बस.” त्यांच्यापुढे ती कधी खुर्चीवर बसलेली नाही. आढेवेढे घेत बसली. पदर सावरला, मोरांवर हात ठेवले आणि खाली पाहिलं. पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबत होते. मग ती ते लहान पोरीसारखे हलवू लागली, हसली, आणि हसता हसता पदर तोंडाला लावला. “अण्णाच्या मापाची हाय,” म्हणाली.

मग मी बसून पाहिलं. अप्पांना बळेच बसवलं. उद्धवमामाही बसला. खुर्ची आता तसूभर हलत नाही. पण या घरात कोणाचेच पाय तिच्यावरून जमिनीला टेकत नाहीत. येऊन बसा, मामा, आणि जाताना माझ्या आईला माहेरी घेऊन जा.

दहा वर्षं जिचा गुन्हा तुमच्या नावावर राहिला, ती तुमची

खिडकी